नळीवरची नोरा

३ एप्रिल
मोंटानात आलो ते दोन दिवसांसाठी. महिना झाला. ट्रकमध्येच झोपतो. ऑरिन हाउगेनच्या वर्कशॉपमध्ये झाडू मारतो. म्हातारा गिऱ्हाइकाच्या मापाने नेमबाजीच्या रायफली बनवतो. आज म्हणाला, "पोरा, झाडूच मारणार का जन्मभर?" तीन मेला क्लबचा सामना. रायफल त्याची, पितळी पुंगळ्या निवडून त्यांत दारू-गोळी भरून काडतुसं करायची आणि नेमही धरायचा मी. नेम बरा लागला तर खिडकीजवळचं टेबल माझं, म्हणजे नोकरी पक्की. "आधी नळी वाच, मग पितळ निवड," म्हणाला. सुविचार बरा आहे.

५ एप्रिल
रायफलची नळी वाचली. मागच्या टोकाला कोरलंय, २६२ एनके. म्हणजे ही दोनशे बासष्टावी रायफल. केवढा कारागीर! एनके ही कुणाची तरी आद्याक्षरं, बाईच असणार. नोरा काहीतरी. विचारलं नाही. म्हाताऱ्याच्या जखमेवर बोट कशाला.

९ एप्रिल
ऑरिनच्या डब्यातल्या पुंगळ्यांच्या माना, गोळी बसते तो तोंडाकडचा भाग, बारीक, तासलेल्या. वयामुळे हात हलत असेल, जास्त तासलं जातं. मी कोऱ्या परदेशी आणल्या. जाड मानेच्या, दणकट.

१४ एप्रिल
दिवसभर तराजू. सारख्या वजनाच्या तेवढ्या ठेवतोय. ऑरिनची बहीण लोर्ना कॅफे चालवते. पॅनकेक वाढताना म्हणाली, "काय रे, पुंगळ्या बघतोयस की लग्नाला मुली?" मी सहज विचारलं, नोरा कशी आहे. "कोण नोरा?" म्हणाली. लपवण्यात घराणंच मुरलेलं.

२० एप्रिल
काडतुसं भरली. उद्या एक रायफलमध्ये घालून बघायचं. सगळं सोडून.

२१ एप्रिल
नदीला बर्फाचं पाणी आलंय म्हणून बघायला गेलो. तिथे एकाचा ट्रॅक्टर रुतलेला. मग त्याच्याकडेच जेवलो. उद्या नक्की.

२८ एप्रिल
हरणं बघत बसलो. बाकी काही नाही.

२ मे
घालून बघितलं नाही. गरजही नाही. इतकं सारखं पितळ या काउंटीत कुणाकडे नसेल. टेबलाशेजारी टोपीसाठी खिळा कुठे ठोकायचा ते ठरवलं.

३ मे
वारा अजिबात नव्हता. पहिलं काडतूस पुरतं आत जाईना. दुसरंही नाही. काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टवर जोर लावणार तेवढ्यात ऑरिनने मनगट धरलं. "नळी वाचलीस ना?" वाचली म्हटलं, दोनशे बासष्टावी. "साठसुद्धा केल्या नसतील रे मी."

एनके म्हणजे नेक. पुंगळीची मान. २६२ हे नळीत आत तिच्यासाठी सोडलेल्या जागेचं माप, इंचाच्या हजारांशात. तेवढ्यात बसेल अशी मान तासून घ्यायची असते. इथे सगळ्यांना ठाऊक. मागून लोर्ना म्हणाली, "अगं बाई, ही होय तुझी नोरा." कुणी हसलं नाही. मला काही वाटलं नाही.

४ मे
आयडाहोच्या रस्त्यावर. टेबलाचं तो बोलला नाही, मीही नाही. निघताना त्याने माझ्या पुंगळ्या रिकाम्या करून डब्यात घालून दिल्या. "तुझ्या आहेत, घेऊन जा."

डबा डॅशबोर्डवर आहे. खड्डा आला की वाजतात. सगळ्यांचा आवाज अगदी सारखा.