न घासायचं नाणं

१ तारीख, सोमवार
आलो एकदाचा. खोली हवेशीर, बेसिनवर आरसा, कामाच्या टेबलाला दोन ड्रॉवर. कामही माझ्या आवडीचं: परक्या राजवटीतली तांब्याची नाणी तपासून एकेकाचं कार्ड लिहायचं. ती जमवणारे गृहस्थ वारले. आता सगळं त्यांच्या पत्नी बघतात. बाई शांत आहेत. एकच अट त्यांनी दोनदा सांगितली, नाणं घासायचं नाही. मला हसू आलं. घासलं की किंमत जाते, हे मला कोणी शिकवायला नको.
संध्याकाळी छकुलीशी व्हिडिओवर बोललो. माझ्या वाकड्या नाकाला ती पोपट म्हणते. लेकीला आत्ताच घरी कधी येणार ते हवंय.

३, बुधवार
एका नाण्यानं डोकं उठवलंय. राजाचा चेहरा झिजून गुळगुळीत, नाणं पाडल्याचं साल गायब. साल नसलेलं कार्ड बाई परत पाठवतात. आज तिसऱ्यांदा आलं. भिंग झालं, तिरपा उजेड झाला, कागद ठेवून पेन्सिल फिरवून झाली. काही म्हणजे काही दिसत नाही. वैताग नुसता.

४, गुरुवार
घासलं. बाई जेवायला गेल्या तेवढ्यात, लिंबू-मीठ लावून. साल नाहीच, एक गाल तेवढा उमटला. एवढा खटाटोप करून गाल.

५, शुक्रवार
दाढी करायला घेतली, तर डाव्या गालावर खुंटच नाहीत. इथलं पाणी बाधलं असेल.
नाण्यावर आता हनुवटीही आली. सालाचा पत्ता नाही.

७, रविवार
हात लावत नाही, तरी नाणं उजळतंय. नाक आलं. वाकडं.
छकुलीला व्हिडिओ लावला. तिनं आईला विचारलं, हे काका कोण. बायको म्हणाली, चेष्टा पुरे, फोन ह्यांना द्या.
आरशात नाक नाही. नुसता उंचवटा.

८
बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, थकून खाली बसल्या. म्हणाल्या, आधीच्या माणसालाही दोनदा सांगितलं होतं. तो कुठे गेला विचारलं, तर त्यांनी खालच्या ड्रॉवरकडे बोट दाखवलं.
तिथल्या नाण्यावरच्या राजाला चष्मा आहे.

९
नाण्यावरचा चेहरा पुसायला कानस लावली. कळ माझ्या गालातून —
पेन निसटतं. बोटांवर रेषा नाहीत —

कार्ड तरी पुरं करतो. छकुलीला दाखवा.
धातू, तांबं. चेहरा, डावीकडे. नाक वाकडं, पोपटाचं, ती ओळखेल —
साल. दिसतंय. आता अगदी स्पष्ट, यंदाचंच —