साडेबारा न दिसलेले साप

३ मे, सकाळ
कुरवंडे. नव्या घरात पहिला दिवस. निवृत्तीनंतर डोंगराजवळ राहायचं, ही बायकोची, इंदिरेची, आयुष्यभराची इच्छा. निरोपाच्या भाषणात मी गरजलो होतो, भय हीच खरी गुलामगिरी! टाळ्या थांबेनात. आज नळाजवळ धामण. उडी मारली, पण आदराने.

९ मे
आतापर्यंत धामण, नानेटी, हरणटोळ, घोणस एकेकदा. दिवड दोनदा. पुतणी चैताली जैवविविधता शिकते. तिला फोन केला, निव्वळ कुतूहल म्हणून. ती म्हणाली, काका, एकेकदाच दिसलेल्या जाती जास्त असल्या तर न दिसलेल्याही जास्त असतात. एकदावाल्यांचा वर्ग करायचा, दोनदावाल्यांच्या दुपटीने भागायचं. सोळा भागिले दोन. आठ जाती अजून दिसायच्याच आहेत!
संध्याकाळपासून पाय खुर्चीवर. रक्ताभिसरणासाठी बरं.

१२ मे
मण्यार. मोरीत. एकदावाल्या आता पाच, पंचवीस भागिले दोन. अंदाज साडेबारावर गेला. चैतालीला विचारलं, अर्धी जात म्हणजे नेमकं काय दिसणार? ती हसली. प्रश्न गंभीर होता.

१३ मे
संकल्प: नवा साप बघायचा नाही. जुनीच जात पुन्हा दिसली पाहिजे. एक जरी दोनदावाल्यांत गेली तरी सोळा भागिले चार, चारच उरतात! दिवसभर खिडकी बंद करून काचेतून धामणीची वाट पाहिली. प्रार्थना केली नाही. मी विवेकवादी आहे. शेजारचा कैलास म्हणाला, “भाऊ, सापाला कोन आवतन देतंय व्हय?” त्याला संख्याशास्त्र समजावलं. खुर्चीवर उभं राहून.

२४ मे
विजय! न्हाणीघरात दुसरी घोणस, पहिलीपेक्षा बरीच लहान. अंदाज चार! इंदिरेला ओरडून सांगितलं. तिने विचारलं, मग टेबलावर का चढलात?
कैलास बघून म्हणाला, “भाऊ, ल्हान न्हाई, पिल्लू हाय. घोणस अंडी घालत न्हाई, पिल्लंच टाकती. एक दिसलं म्हंजी लय असत्यात.” बंबामागे वळवळ.
चैताली म्हणते, पद्धत जातींचा अंदाज देते, सापांचा नाही. हे आधी सांगायचं!

२५ मे, कुसगाव
लॉजवर आलो. माघार नव्हे, दुरून निरीक्षण. सर्पमित्राने पिल्लं धरून रानात सोडली म्हणे. सगळी? कोण सांगणार?
इंदिरेचा फोन. बिचारी एकटी घाबरली असेल म्हणून निर्भयतेवर बराच वेळ बोललो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, कैलासच्या आई, चिमाबाई, सोबतीला आल्यात. तुमचा पलंग त्यांना दिलाय.
मी विचारलं, आणि मी आल्यावर?
म्हणाली, या की. जमिनीवर गादी घालते.