मोहोर लागलेला शेवट

मस्तगड, जालना
बुधवार, मार्गशीर्ष, शके १८६१

प्रिय धर्मराज,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, पण चौदा वर्षांपूर्वीची सवय आहे, राहू दे. खुशाली विचारत नाही, ती न विचारताच कानावर येते. नाटक मंडळी काढलीस, नायकाचं काम स्वतःच करतोस, येत्या रविवारी शहागडच्या यात्रेत खेळ आहे, हे सगळं ऐकून आहे.

गेल्या वर्षी जालन्यात तुझा खेळ पाहिला. बायकांच्या बाजूला, चिकाच्या पडद्याआड बसले होते. पहिल्या अंकातच ओळखलं, या माझ्या गोष्टी. केदारखेड्याला असताना शाळेच्या वहीत लिहिलेल्या प्रेमाच्या तीन गोष्टी, तुझ्याखेरीज कुणाला न दाखवलेल्या. तुला मी त्या नकलून दिल्या होत्या, तिसरी सगळ्यात शेवटी, गाव सोडताना. तीन गोष्टींचे तू तीन अंक केलेस, छान केलेस. तिन्ही मुलींची एकच मुलगी केलीस आणि तुझ्या मंडळीतला मच्छिंद्र लुगडं नेसून ते काम करतो, तेही झकास. जाहिरातीवर माझं नाव नव्हतं. असतं तर माझीच पंचाईत झाली असती. त्याचा राग नाही.

राग आहे तो तिसऱ्या अंकाचा. माझ्या गोष्टीत मुलगी कपड्यांचं बोचकं घेऊन नदीकाठच्या देवळात दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसते आणि मुलगा येत नाही. तुझ्या नाटकात मुलगा छकडा जुंपून येतो, हाका मारमारून थकतो आणि मुलगीच येत नाही! लोकांनी तुझ्यासाठी डोळे पुसले. माझी नणंद सोनूबाई शेजारीच होती. म्हणाली, “लई बिनकाळजाची पोरगी गं बाई!” मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

चिठ्ठी पाठवून तुला विचारलं, तर तुझा निरोप आला की माझा इलाज नव्हता, शेवट सरकारनं बदलायला लावला. मी खरं मानलं. तुझं खरं मानण्यात मी जुनी पटाईत.

आता गंमत ऐक. दर खेळाला नवी इजाजत लागते आणि त्यासाठी अख्खं नाटक सरकारी भाषेत, उर्दूत करून कचेरीत द्यावं लागतं. तुझे नेहमीचे मुन्शी वारले, म्हणून तुझा माणूस नाटकाचं बाड घेऊन उर्दूत अर्ज लिहून देणाऱ्या दुसऱ्या अर्जनविसाकडे गेला. ते माझे यजमान निघाले. बाडात गेल्या वर्षीच्या मंजुरीचा कागदही होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. यांनी वाचून सांगितलं, “एक अक्षर बदललेलं न्हाई यात. दिलं तसं बराबर मंजूर केलंय.”

यांना मराठी लिहिलेलं लावायला वेळ लागतो, त्यातून तुझं ते किरटं अक्षर. म्हणून मी वाचत गेले आणि हे उर्दूत लिहीत गेले. दोन अंक होते तसे वाचले. तिसरा मात्र माझा वाचला, बाडाकडे न बघता. देवळातलं भाषण संपलं तेव्हा यांचा टाक थांबला. “मंग त्या पोरीचं काय झालं?” मी म्हटलं, लग्न झालं, बऱ्या घरी पडली. यांनी टाक दौतीत बुडवला. हे पुन्हा लिहू लागले. यांना कळलं की नाही कोण जाणे. विचारायची माझी छाती झाली नाही.

काल त्या प्रतीवर कचेरीची मोहोर लागली. रविवारी पोलिसांचे अमीनसाहेब तीच प्रत मांडीवर घेऊन पुढच्या खुर्चीत बसतील. लिहिलंय त्याहून वेगळं काही झालं तर खेळ तिथंच बंद, हे तुला मी सांगायला नको. सोनूबाईचं सासर शहागडचंच. आम्ही दोघी येणार आहोत.

एवढ्यासाठीच हे पत्र. माझ्या वहीतलं शेवटचं पान सोबत धाडलंय. मच्छिंद्राला ते भाषण पाठ करायला चार दिवस आहेत, पुरतील. तुला पाठ करायचं काहीच नाही. तू फक्त यायचं नाहीस. ते तुला जमतं.

एके काळची तुझीच,
पुष्पा