पोटातला पट्टा आणि घरातली फितुरी

३ जून, सोमवार
आज डॉक्टरांनी पट्टा आवळला. ऑपरेशनला दीड महिना झाला. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा पट्टा बसवलाय, म्हणजे थोडं खाल्लं की पोट भरतं. सूचना: घास नखाएवढा, चावून पार लगदा, जेवताना पाणी नाही. अडकलं तर दोन दिवस फक्त पातळ. सोपं आहे. मी ड्रायव्हिंग शिकवतो, लोकांना धीर धरायला शिकवण्यात माझी हयात गेली. वर्षअखेर तीस किलो कमी.
ऑपरेशनच्या दिवशी हिनेही हौसेने वजन करून घेतलं होतं. वचन दिलं की तुम्ही खाल तेच खाईन, तुमच्यासमोर बसून. बायको असावी तर अशी.

५ जून, सकाळी
टोस्ट, उकडलेलं अंडं. चौथा घास छातीत अडकला. तोंडाला फेस, मग सगळं जसंच्या तसं परत. ही उलटी नव्हे. उलटीच्या आधी मळमळतं. ही म्हणाली, चावलं नाहीत. चावलं होतं! अंड्यातच खोट होती.
दोन दिवस पातळ. आइस्क्रीम वितळलं की पातळच. हे मी म्हणत नाही, विज्ञान म्हणतं.

८ जून, शनिवार
शिकाऊ: बालवाडीच्या बाई. क्लचवरून पाय असा काढतात की जणू विंचू चावला. दिवसभर माझं एकच, हळू, हळू सोडा.
सिग्नलला सँडविच उरकलं. लाल दिवा चांगला मोठा होता, म्हणजे घाई नव्हतीच. अडकलं. गाडी बाजूला घ्या अशी खूण केली, तर बाईंनी भर चौकात करकचून ब्रेक मारला. माझं डोकं खिडकीबाहेर, मागे हॉर्नचा कल्लोळ. बाई रडायला लागल्या. त्यांना वाटलं, त्यांच्या ड्रायव्हिंगमुळेच झालं. मी गैरसमज दूर केला नाही. जरा शिस्त लागते.
परत दोन दिवस पातळ. मिल्कशेक, दोन. डॉक्टरांचा शब्द मोडणारा मी नव्हे.

१२ जून
वजनकाटा दोन किलो जास्त दाखवतोय. सेल बदलले. आता सव्वादोन. नवे सेलही बोगस!

१६ जून, रविवार
घात झाला. कितीतरी दिवस ही मला वाढते आणि म्हणते, तुम्ही घ्या, मी मागून बसते. घास अडकला की मी बाथरूमकडे पळतो, परत येईपर्यंत ओटा पुसलेला असतो. म्हणजे मी आत अडकलेलो असताना ही बाहेर गुपचूप हाणते! सत्तावीस वर्षांचा संसार आणि केसाने गळा कापला.
पुराव्यासाठी स्वयंपाकघर धुंडाळलं. बिस्किटांचा पुडा न फोडलेला, चीज तसंच, कालच्या भाताचं एक ताट फ्रीजमध्ये झाकून ठेवलेलं. किती आतल्या गाठीची बाई! मागमूस ठेवत नाही.
संतापाने आइस्क्रीमचा अख्खा डबा संपवला. याला जबाबदार ही.

१९ जून, दवाखाना
हिने डॉक्टरांपुढे सगळं भडाभडा सांगून टाकलं. आइस्क्रीम, मिल्कशेक, सिग्नलचं सँडविचसुद्धा. बालवाडीच्या बाईंनी घरी फोन केला होता म्हणे, माफी मागायला. चोहीकडून फितुरी! डॉक्टर म्हणाले, पट्टा सरकायला लागलाय, असंच चाललं तर काढावा लागेल. चूक पट्ट्याची आणि कानउघाडणी माझी.
मग मीही सुनावलं. म्हटलं, ही चोरून खाते. हिला उभी करा काट्यावर, होऊन जाऊ दे!
नर्सने उभी केली. ऑपरेशनच्या दिवसापेक्षा आठ किलो कमी.
नर्सने अभिनंदन केलं, कुठलं डाएट म्हणून विचारलं. ही खाली बघत म्हणाली की बाथरूममधून यांचा आवाज आला की घास उतरत नाही. रोज वाटतं, आज हे गुदमरणार. ताट वाढून घेते आणि तसंच झाकून ठेवते.
डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी काट्याकडे.
येताना गाडी मीच चालवली. दोनदा गिअर चुकला.

२० जून, जेवणानंतर
आज हिला समोर बसवलं. घास नखाएवढा, चावून लगदा, पाणी लांब ठेवलं. ही माझ्या जबड्याकडे बघत होती, मी तिच्या चमच्याकडे. तिने तीन घास खाल्ले. चौथा उचलला. मला इतका आनंद झाला की माझा घास तसाच गिळला गेला.
अडकला.
ठरवलं, उठायचं नाही. हिचं ताट संपेपर्यंत मरण आलं तरी बसायचं. तोंड भरून आलं, डोळ्यांतून पाणी. अहो, काय होतंय, असं विचारत राहिली. मी हसून मान हलवत राहिलो. मग पळालो.
आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला होता.
परत आलो तर ओटा पुसलेला. फ्रीज उघडून बघितला. तिचं ताट आत होतं, वर झाकण.