खिडकी लावली, एवढंच

प्रिय दादा,

संध्याकाळी तुझ्या शेडमध्ये साच्यांजवळची खिडकी लावून मी वळले, तर तू म्हणालास, "कारखान्यात होतीस तेव्हा मेणबत्त्यांशिवाय दुसरं बोलणं नव्हतं तुझं. आता माझ्या दर वेळी तडकतात, तर चकार शब्द नाही!" वहिनी हसली. "वन्संनी मौन धरलंय."

दादा, नोकरी सोडताना मी सही केली आहे. दोन वर्षं दुसऱ्या कुणा मेणबत्तीवाल्याला मदत करायची नाही, तिथं शिकलेलं कुणाला सांगायचं नाही. बोलले तर कारखानेवाले कोर्टात जातील आणि तुझ्या शेडला कुलूप लागेल. गप्प राहिले तर उद्या तुझं एकुलतं मोठं गिऱ्हाईक परत जाईल.

वकील म्हणतात, सगळ्यांना ठाऊक असतं ते गुपित नव्हे. गार वाऱ्याने साच्यातलं मेण तडकतं, हे सगळ्यांना ठाऊक असेल का? मला तर तिथंच कळलं. घरी आल्यापासून येरझारा घालतेय. दूध उतू जाण्याआधी ओळखायला आईने शिकवलं, ते माझं. मग हे कुणाचं?

कुणी विचारलंच तर सांगेन, वारा झोंबत होता म्हणून खिडकी लावली. खरंच झोंबत होता.

एवढं लिहून बसले, म्हणजे हे पत्रही तुला पाठवता येणार नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. सकाळी तुझा फोन आला. सगळ्या मेणबत्त्या अखंड निघाल्या. "बघ, तुझ्यावाचून काही अडलं नाही!" म्हणालास. मी म्हटलं, "नाहीच अडत."