वर दोन बोटे

कर्जत, ता. ६ नोव्हेंबर १९०२

चि. मालोजीस थोरला भाऊ कोंडाजी याचे अनेक आशीर्वाद. वि. वि. हे पत्र टपालाच्या थैलीतून तूच काढशील आणि तूच स्वतःला आणून देशील, तेव्हा घरात बक्षिसी मागू नकोस.

इथल्या इंजिनघरातले एक साहेब कायमचे विलायतेस निघाले असून त्यांची पायगाडी, ती दोन चाकांची बायसिकल, विकायची आहे. दादाला साहेबी सुचली म्हणून हसू नकोस, आधी ऐक. घोड्यावरून पडल्यापासून साहेबांचा डावा पाय तोकडा आहे, अगदी तुझ्यासारखा. म्हणून गाडी त्यांनी स्वतःच्या मापाने घडवून घेतली. डाव्या पायडलावर तीन बोटे जाडीचा सागवानी ठोकळा बसवलेला आहे. तोकडा पाय त्यावर टेकला की उजव्याच्या बरोबरीने चालतो.

पण साहेबाचे जोडे तुला होतीलच असे नाही. मला रजा नाही आणि तुला रविवारही नाही, तेव्हा तुला गाडीवर बसवून पाहणे होणार नाही. कमरेच्या हाडापासून टाचेपर्यंत दोन्ही पायांच्या मापाच्या दोन दोऱ्या पाठव. पुढचे मी पाहतो. लोभ आहेच, दोऱ्या तेवढ्या लवकर याव्यात.

तुझा दादा

खालापूर, ता. ११ नोव्हेंबर १९०२

तीर्थस्वरूप दादांस मालोजीचा शि. सा. न. वि. वि. तुमचे पत्र मीच मला दिले. बक्षिसी म्हणून तुमच्या भावजयीने, सुंदराने, गूळपोहे दिले, म्हणजे सौदा फसला नाही.

दादा, थट्टा इथवरच. पंधरा डिसेंबरला टपालाचे इन्स्पेक्टरसाहेब येणार आहेत. खालापुराहून लोधिवली, पुढे चौक आणि परत, एवढी थैली सांज व्हायच्या आत फिरली तर मी राहीन, नाहीतर दुसरा माणूस नेमतील. पोस्टमास्तर भले आहेत, पण तीन वर्षे त्यांनी मला सांभाळून घेतले, आता तेही थकले. पाताळगंगेच्या पुरात थैली डोक्यावर धरून पाय मोडून घेतला, हे कागदावर कुठे लिहिलेले नाही. नांगरामागे हा पाय चालत नाही. मला दुसरे काही येत नाही.

दोऱ्या सोबत आहेत. लाल तोकड्या पायाची, पांढरी धड पायाची. मापे आईने घेतली. सुंदरा पुढे झाली होती, पण पायली असो की पाय, या घरातले माप आईच्याच हातचे. चंद्री म्हैस विकायला काढली आहे. लहानांवर कृपा आहेच, ती किमतीच्या घासाघिशीतही दिसावी.

आपला मालोजी

कर्जत, ता. २४ नोव्हेंबर १९०२

चि. मालोजीस आशीर्वाद. वि. वि. गाडी घेतली.

साहेबांच्या बटलरने साठ रुपये सांगितले. चाक उचलून फिरवले आणि आसाला कान लावला. आवाज गुळगुळीत आहे. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोरी ताणून पाहिली, सांगाडा सरळ आहे. मग मानेपाशी रंग नखाने खरवडला तर खाली गंज, आणि मागचे रबर चिरलेले. हे दोन्ही बटलरला दाखवले आणि तिथेच पायरीवर बसून राहिलो. तासाभराने तोच चाळिसावर आला. नवी तीनशेच्या खाली येत नाही. चाळीस हा रास्त भाव आहे, कुणी हसले तर माझे नाव सांग.

आता माप. दोन्ही दोऱ्या एका खिळ्याला अडकवल्या. फरक निघाला एका बोटाचा! मला फार बरे वाटले. तू लंगडतोस ते पाहून मला तीन तरी बोटे वाटत होती. तुझा पाय बसवणाऱ्या हाडवैद्याला उगाच शिव्या दिल्या. साहेबांचा ठोकळा तुला दोन बोटे जास्त होत होता, तेवढी चकती करवतीने काढून टाकली. गाडी बुधाजीच्या बैलगाडीतून येत आहे. आईस दंडवत. पडलास तर उतारावर पड, म्हणजे गडगडत घराकडेच येशील.

तुझा दादा

खालापूर, ता. ७ डिसेंबर १९०२

तीर्थस्वरूप दादांस शि. सा. न. वि. वि. पायगाडी पोचली. गाव गोळा झाला. आईने चाकांना हळदकुंकू लावले आणि मला बजावले की यंतराला रागाने बोलू नको रं, त्याला समजतं.

आठ दिवसांत तोल आला. काल लोधिवलीपर्यंत जाऊन दिवेलागणीच्या बऱ्याच आधी परतलो. डावे पायडल खाली गेले की टाच जराशी सुटते. पण तुम्ही मापाने काम केले आहे, तेव्हा उणीव असेल ती माझ्या पायाची. होईल सवय. पंधरा तारखेला देवाजवळ दोन शब्द बोला, एवढाच हट्ट.

आपला मालोजी

कर्जत, ता. २६ डिसेंबर १९०२

चि. मालोजीस आशीर्वाद. बुधाजी आला होता. त्याच्याकडून कळले.

चौकाच्या उतारावर, इन्स्पेक्टरसाहेबांच्या देखत पाय निसटला, गाडी दगडांत गेली, उजवा गुडघा फुटला. बुधाजी सांगत होता की पडतानाही तू थैली छातीशी धरली होतीस. मला जेवण जात नाही. टाच सुटते असे तू लिहिले होतेस, आणि मी ते वाचून हसलो, नवशिका म्हणालो. त्याच दिवशी यायला हवे होते. वीस वर्षे लोखंड कापतो आहे, सूतभर चूक नाही, आणि सख्ख्या भावाच्या पायाला चुकलो. दोऱ्या पुन्हा मोजल्या. फरक एकच बोट. मग चुकले कुठे? कापलेली चकती खिशात घेऊन फिरतो आहे. खरे काय ते लिही. माझी गय करू नकोस.

तुझा अपराधी
कोंडाजी

खालापूर, ता. २ जानेवारी १९०३

तीर्थस्वरूप दादांस मालोजीचा शि. सा. न. वि. वि. तुमचे माप चुकले नाही. हे सांगणार नव्हतो, पण तुम्ही जेवत नाही म्हणून सांगतो.

परवा आई नवे तांदूळ मोजत होती. तिची रीत तुम्हाला ठाऊक आहे, शेर भरला की वर मूठ. मी खाटेवर पडून पाहत होतो. ती सुंदराला अभिमानाने सांगू लागली की या घरातून तोकडं माप कधी बाहेर गेलं नाय. लेकराच्या तोकड्या पायाची दोरी धाडली तीसुद्धा वर दोन बोटं घालून कापली, आधीच देवानं कमी केलंय, आपण कशाला कमी मोजायचं.

मी भिंतीकडे तोंड फिरवले. दादा, साहेबांचा ठोकळा मला जसाच्या तसा झाला असता.

आईला यातले काही कळू द्यायचे नाही. तिच्या मते गाडीला दृष्ट लागली, तेच राहू द्या. ती चकती चुलीत घाला, खिशात ठेवून इकडे येऊ नका. वैद्य म्हणतात गुडघा आता वाकणार नाही, म्हणजे दोन्ही पाय सारखे झाले. गाडी गोठ्यात उभी आहे, चंद्रीच्या जागी. तिचा रास्त भाव आता काय, ते विचारत नाही.

तुमचे पत्र आज नव्या माणसाने आणले. पोशा म्हणून आहे, चौकाकडचा, चांगला चालतो. अंगणात उभे राहून त्याने मालोजीचं घर ह्येच का म्हणून विचारले. सुगीत टपालवाल्याला शेरभर तांदूळ द्यायची रीत. इतकी वर्षे गावचा तो तांदूळ आपल्या घरी यायचा. आईने शेर काढला, भरला, आणि वर मूठ घातली. मी पाहत होतो.

तुम्ही जेवा. माया आहे तेवढी पुरे, तिला वर काही घालू नका.

आपला मालोजी