तळाच्या अलीकडे

बाझेल, ३ मार्च १९७४

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

पुन्हा तेच. जे फिरतं पण दळत नाही तो पंखा, असं तुम्ही याही पत्रात लिहिलंत. बरं, पंखा. शाळेत टिकलो नाही, तुमच्या पवनचक्कीवर टिकलो नाही, पण इथे रेगुलाबाईंकडे वाऱ्यावर हलणारी शिल्पं करायला शिकतोय आणि अजून टिकलोय.

माझं स्वतःचं पहिलं शिल्प उभं राहिलंय. पत्र्याची चार पाती, झुळकीवरही फिरतात. पण वारा पडला की खालचं पातं तळ ओलांडून जरा पुढे थांबतं, आपल्याकडे घरात मयत झाल्यावर चक्की थांबवतात तसं. पुढच्या पात्याच्या टोकाला शिसं लावलं तर तळाच्या अलीकडे थांबेल, मूल झाल्यावर थांबवतात तसं. बाई म्हणतात, आहे तेच सुंदर आहे, हात लावलास तर चालता हो. आणि घेणार कोण, तर प्रसूतिगृह. अंगणात लावणार. बाईंना आपली रीत सांगितली, तर म्हणाल्या, बाळंतिणी काय चक्कीवाल्यांच्या लेकी आहेत?

विकलं गेलं तर नोकरी पक्की. काय करू ते कळवा. पंख्याबद्दल नको.

आपला,
वीबे


फ्रीसलंड, ११ मार्च

चि. वीबेस,
अ. आ.

तू गेल्यापासून आपली चक्कीही तळ ओलांडूनच उभी असते. मुद्दाम नाही. ब्रेकचा दोर सैल झालाय, ब्रेक धरेपर्यंत पातं पुढे जातं. शेजारचा येल्ले साखरपाव घेऊन सांत्वनाला आला, कोण वारलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, मुलगा बाझेलला पंखे करतो. त्याने टोपी काढली. पाव चांगला होता.

बाळंतिणींना कळत नाही, पण तुला कळतं. शिसं लाव. हाकललं तर इथे पोती उचलायला माणूस हवाच आहे.

गुडघा आहे तसाच.

तुझा बाबा


बाझेल, २ एप्रिल

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

शिसं लावलं, बाईंना न सांगता. प्रसूतिगृहात शिल्प बसवून झालं, वारा पडला आणि पातं तळाच्या अलीकडे थांबलं. बाईंनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, संध्याकाळी सामान बांध. तिथे बाकावर एक गरोदर बाई बसली होती. ती आपल्याशीच म्हणाली, हे कुणाची तरी वाट बघतंय. रेगुलाबाईंनी पुन्हा एकदा वर बघितलं. मग म्हणाल्या, सामान राहू दे, शिशाचे पैसे पगारातून कापीन. कापले.

येल्लेकाकांना म्हणावं, टोपी घाला. आणि दोराचं कारण आता पुरे. ईस्टरला येतोय, वर मीच चढेन, तुम्ही खालून चुका काढा. लोभ आहेच, तो पंख्यासकट असू द्यावा.

आपला,
वीबे

ता. क. नवा दोर आणून ठेवा. त्यासाठी पाठवतोय, एकशे चाळीस फ्रँक.